पटलाला चुकवणारे बोरॉन

समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचे पाणी बनवण्याच्या उद्योगापुढे आज मीठ हा मोठा प्रश्न उरलेला नाही. लिटरभर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असले, तरी निःक्षारीकरणासाठी वापरली जाणारी आधुनिक पटले त्यांपैकी ९९.५ टक्क्यांच्या आसपास क्षार एकाच फेरीत अडवतात. त्याच पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेचार ते पाच मिलिग्रॅम असलेले बोरॉन हे मूलद्रव्य मात्र या पटलांतून बऱ्याच प्रमाणात निसटते, आणि गेल्या दोन दशकांत कित्येक मोठ्या प्रकल्पांची रचना, त्यांचा वीजखर्च आणि त्यांच्या करारांतील अटी या अल्पशा बोरॉनने ठरवल्या आहेत. बोरॉन निसटते कसे, त्याला अडवावे कसे आणि मुळात ते किती अडवायला हवे, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे रसायनशास्त्राने आणि अभियंत्यांनी समाधानकारक दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर ते पाणी वापरानंतर शेवटी कोठे जाते यावर अवलंबून असल्यामुळे ते प्रत्येक ठिकाणी नव्याने शोधावे लागते आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते.

बोरॉन निसर्गात सुटे आढळत नाही. ऑक्सिजनशी जोडलेल्या संयुगांच्या रूपातच ते सापडते, आणि या संयुगांशी मराठी घराचा परिचय जुना आहे. दागिन्याचे सांधे जोडताना सोनार वापरतात तो टाकणखार हे बोरॉनचेच लवण होय, कॅरमच्या बोर्डावर सर्रास भुरभुरली जाणारी पांढरी पावडर म्हणजे बोरिक आम्ल, आणि उष्णतेने न तडकणाऱ्या प्रयोगशाळेतील काचेतही बोरॉन मिसळलेले असते. लडाखमधील पुगा खोऱ्यातील उष्ण झऱ्यांभोवती टाकणखाराचे थर साचलेले आहेत आणि तिबेटातील टाकणखार हिमालय ओलांडून भारतात व तेथून पुढे युरोपात जात असे. जगातील बोरॉनच्या ज्ञात साठ्यांपैकी सर्वांत मोठा वाटा आज तुर्कस्तानच्या पश्चिम भागात आहे. खडकांतून झिजून आलेले आणि ज्वालामुखीय वायूंतून आलेले बोरॉन अखेरीस समुद्रात पोहोचते आणि तेथे फार दीर्घकाळ विरघळलेलेच राहते. नद्यांच्या गोड्या पाण्यात ते सहसा नगण्य असते. भूगर्भातील उष्ण पाणी, बोरॉनच्या खाणींतून निचरा होणारे पाणी आणि काही कोरड्या प्रदेशांतील भूजल हे त्याला अपवाद आहेत.

या मूलद्रव्याची अडचण अशी, की ते वनस्पतींना हवेच असते, पण थोडेच हवे असते. बोरॉनशिवाय वनस्पती जगू शकत नाही, हे इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३ मध्ये शेंगवर्गीय पिकावरील प्रयोगांतून दाखवून दिले. वनस्पतिपेशीच्या भिंतीतील पेक्टिनच्या शाखायुक्त साखळ्या एकमेकींना बांधण्याचे काम बोरॉन करते. शर्करेच्या रेणूवर शेजारीशेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांना पकडून ठेवण्याची त्याची जी खोड आहे तिच्यावरच हे काम चालते, आणि याच खोडीचा उपयोग पुढे पाणी शुद्ध करणाऱ्यांनीही करून घेतला. महाराष्ट्रातील डाळिंब आणि द्राक्षाचे बागायतदार फुलोऱ्याच्या सुमारास बोरॉनची फवारणी करतात ती त्याची कमतरता भरून काढण्यासाठीच. परंतु कमतरता आणि विषबाधा यांच्यातील पट्टा बोरॉनच्या बाबतीत अतिशय अरुंद आहे, आणि पाण्यातून सतत मिळणारे जादा बोरॉन झाडाला बाहेर टाकता येत नाही.

मुळांनी शोषलेले पाणी पानांपर्यंत चढते, पर्णरंध्रांतून वाफ होऊन उडून जाते आणि त्याच्याबरोबर आलेले बोरॉन, जेथे हा प्रवाह संपतो तेथे, म्हणजे पानाच्या टोकाशी आणि कडांना, साचत राहते. म्हणूनच बोरॉनची बाधा झालेल्या संत्र्याच्या झाडावर आधी जुनी पाने बिघडलेली दिसतात: त्यांची टोके पिवळी पडतात, पिवळेपणा कडेने मागे सरकतो, मग कडा तपकिरी होऊन करपते आणि शेवटी पान अकाली गळते. पाण्याचा ताण किंवा मिठाचा अतिरेक यांची लक्षणे पुष्कळशी अशीच असल्यामुळे पानाचे रासायनिक परीक्षण केल्याशिवाय दोष कोणाचा हे सांगणे कठीण जाते. पिकांची सहनशक्तीही फार वेगवेगळी आहे. सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम बोरॉन झाले की लिंबू तक्रार करू लागते. संत्रे, द्राक्ष, अंजीर आणि कांदा ही पिके पाऊण मिलिग्रॅमपर्यंत तग धरतात. गहू, भुईमूग आणि सूर्यफूल यांची मर्यादा एक मिलिग्रॅमच्या आसपास आहे. टोमॅटो चार ते सहा मिलिग्रॅम सोसतो आणि कापूस त्याहूनही अधिक. याचा सरळ अर्थ असा, की जे पाणी कापसाला निर्धोक असते तेच लिंबाच्या बागेची नासाडी करू शकते.

माणसाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत बोरॉनच्या मोठ्या मात्रांमुळे नराच्या प्रजननसंस्थेवर आणि गर्भाच्या वाढीवर दुष्परिणाम आढळले, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम इतके कडक मार्गदर्शक मूल्य सुचवले, ते १९९८ मध्ये ०.५ केले आणि उपलब्ध पुराव्याचा पुन्हा विचार करून २०११ च्या चौथ्या आवृत्तीत २.४ मिलिग्रॅमपर्यंत सैल केले. युरोपीय संघाने १९९८ मध्ये ठरवलेली एक मिलिग्रॅमची मर्यादा २०२० च्या निर्देशात दीड मिलिग्रॅम झाली, आणि ज्या भागात निःक्षारीकरणाचे पाणी हाच मुख्य स्रोत आहे तेथे २.४ मिलिग्रॅमची मुभा देण्यात आली. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकात इष्ट मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा एक मिलिग्रॅम अशी नोंद होती. या सैल होत गेलेल्या आकड्यांवरून बोरॉनचा प्रश्न निकालात निघाला असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा ठरेल, कारण माणसाचे शरीर बोरॉनचा बहुतांश भाग मूत्रावाटे टाकून देते, तो सांडपाण्यात येतो, सांडपाणी शुद्धीकरणाच्या नेहमीच्या प्रक्रियांत बोरॉन फारसे कमी होत नाही, आणि असे पाणी शेतीला दिले गेले की मर्यादा माणसाची न राहता झाडाची होते.

बोरॉन का निसटते हे समजण्यासाठी पटलाची घडण पाहिली पाहिजे. पटलामधून निम्न सांद्रतेच्या पाण्याकडून उच्च सांद्रतेच्या पाण्याकडे आपोआप वाहणाऱ्या प्रवाहाला परासरण म्हणतात. खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब देऊन हा प्रवाह उलटा फिरवला की त्याला रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजेच रोजच्या बोलण्यातले आरओ, असे नाव मिळते. समुद्रजलाचा परासरण दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २७ पट असतो, आणि प्रत्यक्ष प्रकल्पात पंप ५५ ते ७० पट दाब देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या आसपास सेल्युलोज अॅसिटेटचे विषमरचनेचे पटल तयार केले तेव्हा ही कल्पना व्यवहारात उतरली. पुढे सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडच्या अतिपातळ थराचे संयुक्त पटल बनवले आणि आजची जवळजवळ सर्व पटले त्याच्याच वंशातली आहेत.

असे पटल कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यात तीन थर दिसतात. सर्वांत खाली बळकटीसाठी न विणलेले पॉलिएस्टरचे कापड असते, त्यावर सच्छिद्र पॉलिसल्फोनचा चाळीस-पन्नास मायक्रॉन जाडीचा थर असतो आणि त्याच्याही वर, खऱ्या अर्थाने पाणी गाळणारा, पॉलिअमाइडचा थर असतो, ज्याची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतकीच, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पट कमी असते. हा थर दोन द्रावणांच्या सीमेवर क्षणार्धात घडतो: पॉलिसल्फोनमध्ये मुरवलेल्या पाण्यातील एक अमाइन आणि वरून ओतलेल्या सेंद्रिय द्रावकातील एक आम्लक्लोराइड एकमेकांना भेटतात तेथेच घट्ट जाळे विणले जाते. या जाळ्यात गाळणीसारखी भोके नसतात; पाण्याचे रेणू त्या पदार्थात जणू विरघळतात, साखळ्यांमधल्या क्षणिक पोकळ्यांतून सरकतात आणि पलीकडे बाहेर पडतात. सोडियम आणि क्लोराइड यांच्यावर विद्युतभार असतो, त्या भाराभोवती पाण्याचे रेणू चिकटून त्यांचे आकारमान फुगलेले असते आणि पटलाच्या पृष्ठभागावरील ऋण भार क्लोराइडसारख्या ऋण आयनांना दूर लोटतो. म्हणून मीठ मागे राहते.

समुद्राच्या पाण्यातील बोरॉन बहुतांशी बोरिक आम्लाच्या रूपात असते आणि या आम्लाचा स्वभाव इतर आम्लांहून वेगळा आहे. ते आपल्या रेणूतील हायड्रोजन सोडून देत नाही, तर पाण्यातील एक हायड्रॉक्सिल गट स्वतःकडे ओढून घेते आणि तेव्हाच त्याचे ऋणभारित बोरेट आयनात रूपांतर होते. जोवर हे घडत नाही तोवर बोरिक आम्लाचा रेणू लहान, चपटा आणि भाररहित राहतो. त्याच्याभोवती पाण्याचे कवच फुगत नाही आणि पटलाचा ऋण भार त्याला ओळखत नाही. शिवाय त्याच्यावरील तीन हायड्रॉक्सिल गट पॉलिअमाइडच्या साखळ्यांशी पाण्यासारखेच हायड्रोजन बंध जुळवू शकतात, त्यामुळे पटलाच्या दृष्टीने तो पाण्याचाच जवळचा नातलग ठरतो. बोरिक आम्लाचा रेणुभार सुमारे ६२ आणि मिठाचा सुमारे ५८.५ आहे, म्हणजे वजनाने दोघे जवळपास सारखेच. तरीही एकाला पटल अडवते आणि दुसऱ्याला वाट देते. पटल वजन पाहून निवड करत नाही, हे या एका जोडीवरून लक्षात येते.

बोरिक आम्ल आणि बोरेट यांचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असते. गोड्या पाण्यात सामू ९.२४ असताना दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. सामू ८ वर बोरेट जेमतेम पाच टक्के असते, सामू १० वर ते ८५ टक्क्यांपर्यंत जाते आणि ११ वर जवळपास सगळे बोरॉन बोरेट होते. समुद्रजलातील इतर आयनांमुळे हा समतोलबिंदू ८.६ च्या आसपास खाली सरकतो. तरीही समुद्राचा नेहमीचा सामू ८.१ असल्याने तेथील सुमारे तीन चतुर्थांश बोरॉन भाररहितच राहते. उत्पादक आपल्या पटलांसाठी ९० टक्क्यांच्या आसपास बोरॉन अडवण्याची क्षमता जाहीर करतात, पण ते मोजमाप २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर, ठरावीक दाबाखाली आणि एकाच सुट्या पटलावर केलेले असते. प्रत्यक्षात सहा-सात पटले एका लांब नळकांड्यात एकामागे एक बसवलेली असतात, पाणी पुढे सरकेल तसे ते अधिकाधिक खारट आणि अधिकाधिक बोरॉनयुक्त होत जाते, त्यामुळे शेवटच्या पटलांतून झिरपणाऱ्या पाण्यात बोरॉन सर्वांत जास्त उतरते आणि एकूण हिशेबात ७५ ते ८५ टक्केच बोरॉन अडते. पाणी उबदार झाले की ही गळती आणखी वाढते, कारण उष्णतेने पटलातील साखळ्या सैल होतात आणि बोरिक आम्लाची हालचाल पाण्याच्या हालचालीपेक्षा जास्त वेगाने वाढते. एका फेरीनंतर समुद्रजलातून मिळालेल्या पाण्यात लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम, उन्हाळ्यात त्याहूनही थोडे जास्त बोरॉन उरते ते याच कारणांमुळे.

उपाय उघड दिसतो: सामू वाढवावा, बोरिक आम्लाचे बोरेट करावे आणि मग पटलाने त्याला मिठासारखे अडवावे. परंतु समुद्रजलात कॉस्टिक सोडा मिसळून सामू १० पर्यंत नेला तर त्यातील मुबलक मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन पटलावर पुटे धरतात, आणि यंत्र बंद करावे लागते. काही प्रकल्प पुटे रोखणारी रसायने घालून पहिल्या फेरीतच सामू थोडासा चढवतात, पण तेथे फार पुढे जाता येत नाही. म्हणून रूढ मार्ग दोन फेऱ्यांचा आहे. पहिल्या फेरीत नेहमीच्या सामूला मीठ, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून टाकायचे, मग त्या जवळपास गोड्या पाण्याचा सामू १० च्या आसपास न्यायचा आणि कमी दाबाच्या दुसऱ्या पटलांतून ते पुन्हा सोडायचे. आता पुटे धरायला कॅल्शियम-मॅग्नेशियम फारसे उरलेले नसते आणि बोरेट मात्र नीट अडते. दुसऱ्या फेरीत सगळेच पाणी घालावे लागत नाही. नळकांड्याच्या सुरुवातीच्या पटलांतून झिरपलेले पाणी मुळातच बरे असते, ते वेगळे काढून थेट पुढे पाठवले आणि शेवटाकडचे पाणी तेवढे दुसऱ्या फेरीत नेले, तर वीज आणि रसायन दोन्हींची बचत होते.

या विचाराची सर्वांत कसलेली अंमलबजावणी इस्राएलमधील अश्केलॉन येथे झाली. भूमध्य समुद्राच्या काठावरचा हा प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा अशा प्रकारचा तो जगातील सर्वांत मोठा होता. दिवसाला सुमारे ३,३०,००० घनमीटर पाणी देण्याची त्याची क्षमता आणि चाळीस हजारांहून अधिक पटले ही त्याची व्याप्ती. करारात बोरॉनची मर्यादा लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम इतकी खाली ठेवलेली होती, जी त्या वेळच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक मूल्यापेक्षाही कडक होती. त्यामागचे कारण शेती हे होते: इस्राएल आपल्या शहरी सांडपाण्याचा फार मोठा हिस्सा शुद्ध करून सिंचनाला वापरतो, तेथे लिंबूवर्गीय बागा आहेत, आणि नळातून गेलेले प्रत्येक मिलिग्रॅम बोरॉन फिरून बागेत पोहोचणार हे तेथील नियोजनकारांना पक्के ठाऊक होते. कपडे धुण्याच्या पावडरींतील बोरॉनवरही त्या देशाने मर्यादा घातली, ती याच साखळीचा विचार करून.

अश्केलॉनच्या अभियंत्यांनी चार टप्प्यांची जी मालिका रचली ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिल्या टप्प्यात समुद्रजल गाळले जाते आणि नळकांड्याच्या सुरुवातीकडचे चांगले पाणी सरळ तयार पाण्यात जाते. शेवटाकडचे पाणी कॉस्टिक सोडा घालून उच्च सामूच्या दुसऱ्या टप्प्यात जाते, तेथे बोरॉन अडते आणि स्वच्छ पाणी पुढे निघते. प्रश्न उरतो तो या दुसऱ्या टप्प्यात मागे राहिलेल्या सांद्र पाण्याचा: ते समुद्रजलाच्या मानाने अगदी गोडे असते, एकदा पंपाची वीज खर्चून मिळवलेले असते, त्यामुळे फेकून देणे परवडत नाही, पण त्यात बोरॉनबरोबरच उरलेसुरले कॅल्शियम-मॅग्नेशियमही एकवटलेले असल्याने उच्च सामूला ते आणखी गाळले तर पुटे धरणारच. म्हणून तिसऱ्या टप्प्यात सामू मुद्दाम खाली आणला जातो. आता बोरॉन पुन्हा भाररहित होऊन पाण्याबरोबर पटलापार जाते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहून बाहेर काढले जाते. पलीकडे मिळालेले पाणी मृदू पण बोरॉनयुक्त असते. चौथ्या टप्प्यात त्याचा सामू पुन्हा वर नेला की बोरॉन अडते आणि शुद्ध पाणी तयार पाण्यात मिळते. ज्या स्वभावामुळे बोरॉन अभियंत्यांना छळत होते त्याच स्वभावाला तिसऱ्या टप्प्यात कामाला लावून आणि चौथ्यात उलटवून त्यांनी थेंबाथेंबाची वसुली केली. पटल सुधारण्याइतकेच रसायनाचे आकलन पाण्याची किंमत कमी करू शकते, याचे याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

या यशाला एक दुसरी बाजूही होती, आणि ती इस्राएलच्याच शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. इतक्या काटेकोरपणे गाळलेल्या पाण्यात बोरॉन फारसे नव्हते, तसे मॅग्नेशियमही नव्हते. पूर्वी पाण्यातून आयते मिळणारे मॅग्नेशियम बंद झाल्याने पिकांत त्याची कमतरता दिसण्याचा धोका निर्माण झाला आणि शेतकऱ्यांना ते खतातून देणे भाग पडले. पाण्यातून काय काढायचे याबरोबरच काय परत घालायचे याचाही हिशेब मांडावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

बोरॉन पकडण्याचा दुसरा मार्ग राळेच्या मण्यांचा आहे. या मण्यांवर एन-मिथाइलग्लुकामाइन नावाचा, शर्करेपासून बनवलेला गट जोडलेला असतो, त्यावर शेजारीशेजारी असलेले हायड्रॉक्सिल गट बोरॉनला घट्ट धरून ठेवतात, जसे पेशीभित्तिकेतील पेक्टिन धरते. मणी भरले की आधी आम्लाने धुऊन बोरॉन सोडवायचे आणि मग कॉस्टिक सोड्याने मणी पूर्ववत करायचे. ही पद्धत बोरॉनपुरती अत्यंत नेमकी आहे, पण धुण्यासाठी लागणारी रसायने आणि त्यातून निघणारे बोरॉनयुक्त सांडपाणी यांचा भार तिच्यावर पडतो, म्हणून मोठ्या प्रकल्पांत ती बहुधा पटलाच्या जोडीला, शेवटची झाडलोट करण्यापुरती वापरली जाते. हीच राळ बारीक भुकटीच्या रूपात पाण्यात कालवून, बोरॉन शोषून झाल्यावर ती भुकटी सूक्ष्मगाळण पटलाने वेगळी काढण्याची संयुक्त पद्धतही विकसित झाली असून, तुर्कस्तानातील इझमीरच्या एगे विद्यापीठात नालान काबाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर दीर्घकाळ काम केले आहे. विद्युत्-अपोहन, पटल-ऊर्ध्वपातन आणि पुढील दिशेचे परासरण यांचेही प्रयोग झाले आहेत, तथापि समुद्रजलाच्या मोठ्या प्रकल्पांत त्यांनी दोन फेऱ्यांच्या आरओची जागा घेतलेली नाही.

तुर्कस्तानात हे काम व्हावे याला स्थानिक कारण आहे. पश्चिम अनातोलियातील किझिलदेरे येथे १९८४ पासून भूगर्भातील उष्ण पाण्यावर वीज तयार होते. या पाण्यात बोरॉन लिटरमागे कित्येक मिलिग्रॅम, म्हणजे समुद्रापेक्षाही अनेक पट असते, आणि वापरलेले पाणी ब्युयुक मेंदेरेस नदीत सोडले गेल्याने खालच्या खोऱ्यातील अंजिराच्या बागांपर्यंत त्याची झळ पोहोचण्याची भीती निर्माण झाली. त्याच खोऱ्यातला कापूस ते बोरॉन सोसू शकतो, अंजीर सोसू शकत नाही. अशा पाण्यावर पटल वापरता येते, परंतु त्यात विरघळलेली सिलिका पटलावर कठीण थर धरते आणि उष्णतेमुळे पाणी आधी निववावे लागते, त्यामुळे वापरलेले पाणी पुन्हा जमिनीखाली सोडणे हाच तेथे अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. जेथे बोरॉन नदीत मिसळूच न देणे शक्य असते तेथे ते नंतर गाळत बसण्यात काही अर्थ नाही.

भारतात हा विषय अद्याप चर्चेत आलेला नाही, पण तो फार काळ टळणारा नाही. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० मध्ये आणि नेमेली येथे २०१३ मध्ये प्रत्येकी दिवसाला १०० दशलक्ष लिटर क्षमतेचे समुद्रजलाचे प्रकल्प सुरू झाले. मुंबई महानगरपालिकेने मालाडजवळच्या मनोरी येथे दिवसाला २०० दशलक्ष लिटर, आणि पुढे ४०० दशलक्ष लिटरपर्यंत वाढवता येईल असा प्रकल्प आखला आहे. मुंबईजवळचा अरबी समुद्र पावसाळ्याआधी तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, म्हणजे ज्या महिन्यांत तलाव आटतात आणि या पाण्याची सर्वाधिक गरज असते त्याच महिन्यांत बोरॉनची गळतीही सर्वाधिक असणार. घरातल्या आरओ यंत्राने हे उरलेले बोरॉन निघून जाईल असेही कोणी मानू नये, कारण ते कमी दाबावर आणि साधारण उदासीन सामूवर चालते व त्यातून बोरिक आम्लाचा बराच भाग सुटून जातो.

तरीही अश्केलॉनची ०.४ मिलिग्रॅमची अट मुंबईने जशीच्या तशी उचलावी असे नाही. मुंबईचे सांडपाणी आज बहुतांशी खाडीत आणि समुद्रात जाते, त्याच्यावर संत्र्याच्या किंवा लिंबाच्या बागा पोसल्या जात नाहीत, आणि प्रकल्पाचे पाणी तलावांच्या पाण्यात नीट मिसळले गेले तर बोरॉनचे प्रमाण आपोआप उतरेल. ज्या बोरॉनने कोणाचेही नुकसान होणार नाही ते काढण्यासाठी नागरिकांच्या पैशाने वीज आणि कॉस्टिक सोडा खर्च करणे हा अपव्ययच ठरेल. उलट, पुढे हेच सांडपाणी शुद्ध करून शेतीला, रोपवाटिकांना किंवा उद्यानांना द्यायचे असेल, किंवा कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या गावाला निव्वळ समुद्रजलाचेच पाणी दिले जाणार असेल, तर दुसऱ्या फेरीची तरतूद पहिल्याच आराखड्यात असली पाहिजे, कारण बांधून झालेल्या प्रकल्पाला ती मागाहून जोडणे कितीतरी महागात पडते. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक निःक्षारीकरण प्रकल्पाच्या निविदेत, ते पाणी वापरानंतर कोठे जाणार हे आधी लिहून, त्यावरून काढलेली बोरॉनची मर्यादा मे महिन्यातल्या तापमानाला धरून घालावी, आणि प्रकल्प सुरू झाल्यावर क्लोरीन व गढूळपणा यांच्या आकड्यांबरोबर बोरॉनचा आकडाही दरमहा जाहीर करावा. नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही मागणी निविदा निघण्याआधीच करायला हवी.